केसकर, सिलोन आणि बंद पडलेला दहावा रेडिओ

एक गोष्ट तुम्ही कुठे ना कुठे वाचलेली असणार. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचे कट्टर पुरस्कर्ते. त्यांनी आकाशवाणीवरच्या हिंदी चित्रपटगीतांवर बंदी घातली. श्रोते रुसले, रेडिओचा काटा फिरवून रेडिओ सिलोनवर जाऊन बसले. अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ घराघरात पोचली. शेवटी सरकार भानावर आलं आणि ३ ऑक्टोबर १९५७ला विविध भारती सुरू झाली.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सयानी गेले तेव्हा ही गोष्ट पुन्हा एकदा सगळीकडे फिरली. व्हॉट्सअ‍ॅपवर तर फिरलीच, पण बऱ्यापैकी जबाबदार लेखांतही जशीच्या तशी होती. एक खलनायक, एक नायक, मधे पाच वर्षं आणि शेवटी जनतेचा विजय. इतकी नीट जमलेली गोष्ट दिसली की संशोधन करू पाहणाऱ्या माणसाने थोडं थांबावं असं मला वाटतं.

पेटची तयारी करणाऱ्या किंवा प्रस्ताव लिहीत असलेल्या तुमच्यापैकी अनेकांच्या विषयात अशी एखादी गोष्ट असतेच. ती प्रस्तावाच्या पहिल्या परिच्छेदात जाते, मार्गदर्शकही मान डोलावतात, आणि मग तिच्यावर तीनशे पानं उभी राहतात. म्हणून आज माझा नेहमीचा विषय बाजूला ठेवून या सिलोनच्या गोष्टीची चिरफाड करू. मी भौतिकशास्त्राची, त्यामुळे मधे थोडं आयनांबर येईल. सहन करा.

सुरुवात ‘बंदी’ या शब्दापासून. केसकरांना चित्रपटसंगीत आवडत नव्हतं, ते त्यांनी लपवलंही नाही. त्यांच्या काळात आकाशवाणीने चित्रपटगीतांचं प्रमाण कमी केलं, गाणी निवडून घ्यायला सुरुवात केली, आणि गाण्याबरोबर चित्रपटाचं नाव सांगणं बंद केलं, कारण ती फुकटची जाहिरात होते असं सरकारचं म्हणणं. यावर निर्माते बिथरले आणि त्यांनी गाणी वाजवण्याची परवानगीच काढून घेतली. म्हणजे गाणी हवेतून गेली ती दोन पक्षांच्या भांडणात. एकाने दार लोटलं, दुसऱ्याने बाहेरून कडी घातली. ‘बंदी’ म्हटलं की दुसरा पक्ष गायब होतो, आणि करार, हक्क, जाहिरात, पैसा हे सगळे प्रश्न त्याच्याबरोबर जातात. केसकर यातून सुटतात असं नाही. त्यांचं धोरण वरून खाली ‘अभिरुची’ लादणारंच होतं आणि मला ते पटत नाही. पण धोरण न पटणं वेगळं, आणि त्याचा परिणाम किती ते मोजणं वेगळं.

खलनायक एकदा ठरला की बाकीची पापंही त्याच्याच खात्यावर जमा होतात. पेटीचं उदाहरण घ्या. केसकरांनी आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी घातली असं सर्रास लिहिलेलं सापडतं. ती बंदी १ मार्च १९४०ची, इंग्रजी अमदानीतली, लायोनेल फील्डन यांच्या काळातली. केसकर तेव्हा सत्तेच्या जवळपासही नव्हते. त्यांनी ती उठवली नाही हे खरं, पण घातली दुसऱ्याने. एवढी साधी तारीख ज्या लेखात चुकते, त्यातले बाकीचे आकडे मी जरा जपूनच घेते.

आता आकड्यांकडे येऊ. या विषयावरच्या इंग्रजी लेखनात एक वाक्य वारंवार भेटतं. मुंबईतल्या एका पाहणीत म्हणे असं दिसलं की परवानाधारक रेडिओ असलेल्या दहा घरांपैकी नऊ घरं सिलोन ऐकत होती, आणि दहाव्या घरातला रेडिओ बंद पडलेला होता. वाक्य झकास आहे. पण ते नीट वाचा. हा विनोद आहे, आणि पुढे तो पुरावा म्हणून वापरला गेला. पाहणी कुठल्या वारी, किती वाजता? गीतमाला बुधवारी रात्री आठला लागायची. त्या तासाला विचारलं तर एक उत्तर, सकाळी बातम्यांच्या वेळी विचारलं तर दुसरं. घरं किती? कुठल्या वस्तीतली? आणि मुंबई शहरातली दहा घरं शेवगाव-पाथर्डीच्या घरांबद्दल काय सांगतात? काहीच नाही.

दुसरा आवडता पुरावा पत्रांचा. ३ डिसेंबर १९५२च्या पहिल्या गीतमालेनंतर नऊ हजार पत्रं आली, नंतर आठवड्याला साठ-पासष्ट हजारांपर्यंत गेली, असं सांगतात. हे आकडे मुख्यतः खुद्द सयानींच्या मुलाखतींतून आलेले आहेत. ते खोटं बोलत होते असं मला सुचवायचं नाही. पण कार्यक्रमाचा निवेदकच कार्यक्रमाच्या लोकप्रियतेचा एकमेव साक्षीदार असेल तर आपण काय करतो? दुसरा साक्षीदार शोधतो. शिवाय सुरुवातीचा कार्यक्रम ही स्पर्धाच होती. सात गाणी लावायची, त्यांचा क्रम श्रोत्यांनी लावायचा, बरोबर आला तर शंभर रुपये. १९५२ साली शंभर रुपये! पत्रं येणारच. त्यातली किती गाण्यांसाठी होती आणि किती शंभर रुपयांसाठी, हे पत्रांच्या संख्येवरून कळत नाही. आणि १९५१च्या जनगणनेत देशातलं साक्षरतेचं प्रमाण सुमारे १८ टक्के होतं. पत्र मोजलं की लिहिता येणारा श्रोता मोजला जातो. चावडीवर, हॉटेलात, दुसऱ्याच्या ओट्यावर बसून ऐकणारा माणूस मोजणीतून बाहेर. झुमरी तलैयाचं नाव फर्माइशींमुळे देशभर गाजलं, पण तिथे नगरपेक्षा जास्त लोक रेडिओ ऐकत होते असं त्यावरून ठरत नाही. तिथले लोक पत्रं जास्त लिहायचे, इतकंच.

आता माझ्या आवडीचा भाग. या गोष्टीत एक प्रश्न कुणीच विचारत नाही: सिलोन ऐकू कसं येत होतं?

नगरपासून कोलंबो सरळ रेषेत साधारण दीड हजार किलोमीटर. पुणे सव्वाशेच्या आत. मग कोलंबोचा आवाज नगरला पोचतो कसा? मध्यम लहरींचं प्रक्षेपण दिवसा जमिनीला धरून चालतं आणि अंतर वाढेल तसं विरत जातं. वर साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवर आयनांबराचा सर्वांत खालचा थर असतो, तो दिवसा मध्यम लहरी शोषून घेतो. रात्री हा थर जवळजवळ नाहीसा होतो, म्हणून अंधार पडल्यावर लांबची केंद्रं लागू लागतात. लघुलहरींचं तसं नाही. त्या खालच्या थरातून पार होतात, अडीचशे-तीनशे किलोमीटरवरच्या थराला लागून वळतात आणि पुन्हा जमिनीवर उतरतात. एका उडीत हजार, दोन हजार किलोमीटर सहज. कोलंबोहून निघालेली लहर नगरला एका उडीत पोचते. २५, ३१ आणि ४१ मीटर हे जुन्या श्रोत्यांच्या तोंडी असलेले आकडे या लघुलहरींचेच.

यात आणखी एक मेख आहे. जमिनीवरून जाणारी लघुलहर थोड्या अंतरात संपते आणि आकाशातून येणारी लहर बरीच पुढे उतरते. मधला पट्टा कोरडा राहतो. त्यामुळे वरच्या वारंवारतांवर जवळचं केंद्र ऐकू येत नाही आणि लांबचं खणखणीत लागतं असं होऊ शकतं. घर जितकं केंद्राच्या जवळ तितकं ऐकू चांगलं, हा आपला रोजचा अंदाज इथे चालत नाही.

आता या भौतिकीच्या शेजारी केंद्रांची यादी ठेवा. स्वातंत्र्याच्या वेळी भारताच्या वाट्याला सहा केंद्रं आली: दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, लखनौ, तिरुचिरापल्ली. आजच्या महाराष्ट्रातलं त्यात एकच. नागपूर १९४८ला सुरू झालं, निजामाच्या काळातलं औरंगाबादचं केंद्र १९५०ला आकाशवाणीकडे आलं, पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३चं. म्हणजे ज्या वर्षी ‘बंदी’मुळे श्रोते आकाशवाणी सोडून गेले असं आपण म्हणतो, त्या वर्षी पुण्याचं केंद्रच नव्हतं. नगर जिल्ह्यातल्या श्रोत्याने नक्की काय सोडलं? आधी हातात काय होतं? उलट कोलंबोकडे महायुद्धात मित्रराष्ट्रांच्या आग्नेय आशिया कमांडने उभारलेलं दणदणीत लघुलहर प्रक्षेपक होतं, ते युद्धानंतर सिलोन सरकारच्या ताब्यात आलं. सैनिकांसाठी लावलेलं यंत्र पुढे टूथपेस्ट विकू लागलं.

आणि एक चल राशी, जिचा या विषयावरच्या लेखनात मला कुठे उल्लेख दिसत नाही: सूर्य. सौरडागांचं चक्र १९५४ साली तळाला होतं आणि मार्च १९५८च्या आसपास शिखराला, तेही आजवर नोंदलेल्या चक्रांतल्या सर्वांत उंच शिखराला. सूर्य जितका सक्रिय, तितका वरचा थर दाट आणि तितक्या वरच्या वारंवारता वळून परत येतात. विविध भारती मुंबई आणि मद्रासहून लघुलहरींवर सुरू झाली ती नेमकी ऑक्टोबर १९५७मध्ये, चक्र चढत असताना. सूर्यामुळे विविध भारती चालली असं माझं म्हणणं अजिबात नाही, कृपया कुणी प्रस्तावात लिहू नका. पण १९५४ आणि १९५८ची तुलना करताना ‘बाकी सगळं सारखं होतं’ असं गृहीत धरता येत नाही. हवासुद्धा सारखी नव्हती.

मग बंदीचं कारण तपासायचं कसं? सोपी परीक्षा आहे. कारण काढून घ्या आणि परिणाम जातो का बघा. १९५७नंतर चित्रपटगीतं विविध भारतीवर मिळू लागली. गाणी नसल्यामुळेच श्रोते सिलोनवर गेले असतील, तर पुढच्या काही वर्षांत गीतमाला ओसरायला हवी होती. ती ओसरली नाही. सिलोनचं श्रीलंका झालं, केंद्राचं नाव दोनदा बदललं, तरी गीतमाला तिथेच चालू राहिली आणि विविध भारतीवर आली ती थेट १९८९ला. म्हणजे बंदीने फार तर सुरुवात समजते. पस्तीस वर्षं टिकणं तिने समजत नाही.

मला स्वतःला जाहिरातीचं कारण जास्त वजनदार वाटतं. सिलोनला व्यापारी सेवा होती. ऑस्ट्रेलियाहून आलेल्या क्लिफर्ड डॉड यांनी ती नावारूपाला आणली. आकाशवाणीवर जाहिरातीला जागाच नव्हती. बिनाका बनवणाऱ्या सिबा कंपनीला भारतातल्या ग्राहकाशी रेडिओवरून बोलायचं तर कोलंबोखेरीज मार्ग जवळपास नव्हता. म्हणून कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचे आणि विमानाने कोलंबोला जायचे. मुंबईतला आवाज, मुंबईतली गाणी, मुंबईतला पैसा, आणि सगळं समुद्रापार जाऊन परत मुंबईतच ऐकायचं. विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या १ नोव्हेंबर १९६७ला, पहिल्यांदा मुंबई, पुणे आणि नागपूर या आपल्याच तीन केंद्रांवर. पण आता तीच परीक्षा माझ्या लाडक्या कारणालाही लावा. १९६७नंतर जाहिरातदाराला देशातच जागा मिळाली, तरी गीतमाला आणखी वीसेक वर्षं तिकडेच. म्हणजे पैशानेही सगळं सुटत नाही. सवय, ठरलेला वार, १९५४पासून लागलेली पायऱ्यांच्या चढउताराची चटक, निवेदकाचं घरातल्यासारखं बोलणं, यांना हिशेबात घ्यावं लागतं. हे मोजायला कठीण, म्हणून मुद्दा टाळायचा असं मात्र करू नका.

आता या गोष्टीतली सर्वांत मोठी फट, आणि ती मराठी वाचकाला दिसावी अशी आहे. गोष्ट म्हणते की १९५२ ते १९५७ आकाशवाणी रुक्ष झाली, लोकांना हवं ते देईना. बरोबर याच पाच वर्षांच्या मधोमध, १ एप्रिल १९५५ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे केंद्रावरून गीतरामायणाचं पहिलं गीत गेलं. दर आठवड्याला एक नवं गीत, अधिक महिना धरून एकूण छप्पन्न, एप्रिल १९५६पर्यंत. मंत्री केसकरच होते. केंद्र सरकारी. त्यावेळी घराघरात काय झालं ते तुमच्या आजीला विचारा, मी सांगायची गरज नाही. मागणी इतकी, की आकाशवाणीसाठी प्रकाशन विभागाने गीतांचं पुस्तक काढलं, किंमत दोन रुपये, ३ ऑक्टोबर १९५७ला, विजयादशमीला. तारीख ओळखीची वाटते? विविध भारती सुरू झाली तोच दिवस.

आणि गीतरामायण केलं कुणी? ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांनी. दोघंही चित्रपटसृष्टीत मुरलेले. केंद्रावरचे सीताकांत लाड यांनी माडगूळकरांना गळ घातली आणि काम उभं राहिलं. गायकांत माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर. चित्रपटाचं संगीत विरुद्ध आकाशवाणीचं संगीत अशी जी भिंत इंग्रजी पुस्तकांत दिसते, तिला पुण्यात भलंमोठं दार होतं आणि माणसं बिनधास्त ये-जा करत होती. सुगम संगीत हा केसकरांच्या काळातला सरकारी पर्याय म्हणून त्याची टर उडवली जाते. हिंदीत तो फसला असेल. मराठीत त्याच्या छत्राखाली जे झालं, ते फसलं असं कोण म्हणेल?

इथे अभ्यासकांशी माझं थोडं भांडण आहे. इझाबेल हुआकुजा अलोन्सो यांचं ‘रेडिओ फॉर द मिलियन्स’ (कोलंबिया युनिव्हर्सिटी प्रेस, २०२३) हे या विषयावरचं अलीकडचं महत्त्वाचं पुस्तक. नेताजींच्या आझाद हिंद रेडिओपासून सिलोनपर्यंत आणि १९६५च्या युद्धकाळातल्या प्रक्षेपणांपर्यंत जातं, आणि रेडिओने सीमा कशा ओलांडल्या ते दाखवतं. जरूर वाचा. त्याच्या उपशीर्षकातच हिंदी-उर्दू प्रक्षेपण असं म्हटलेलं आहे, तेव्हा मराठी नाही म्हणून लेखिकेला दोष देणं रड्या वृत्तीचं होईल. दोष आपला. हिंदीबद्दलचा निष्कर्ष आपण ‘भारतीय श्रोत्या’बद्दलचा म्हणून उचलतो आणि मराठी उदाहरणावर तो तपासायची तसदी घेत नाही. डेव्हिड लेलिवेल्ड यांचा आकाशवाणीच्या संगीत-प्रशासनावरचा १९९४चा निबंधही असाच: धोरण कसं आखलं गेलं ते समजून घ्यायला उत्तम, पण फायलीत आखलेलं धोरण पुण्याच्या स्टुडिओत पोचेपर्यंत त्याचं काय झालं ते फायलीत सापडत नाही.

‘रिसर्च गॅप’ म्हणून तुम्ही जे शोधता ते बरेचदा असं असतं. ‘यावर कुणी काम केलेलं नाही’ हे वाक्य पुरेसं नाही. जगात कुणीही काम न केलेल्या निरुपयोगी गोष्टी खूप आहेत. मान्य झालेल्या स्पष्टीकरणात न बसणारी घटना सापडली तर ती खरी फट. गीतरामायण ही सिलोनच्या गोष्टीत न बसणारी घटना आहे.

नगर जिल्ह्यात यावर काम करायचं असेल तर घाई करा. १९५५ साली दहा वर्षांचा असलेला मुलगा आज ऐंशी पार केलेला आहे. आणि प्रश्न जपून विचारा. ‘आकाशवाणीवर बंदी होती म्हणून तुम्ही सिलोन ऐकायचात का?’ असं विचारलंत तर ‘हो’च येईल, कारण सयानींवरचे लेख आजोबांनीही वाचलेत. त्याऐवजी विचारा: रेडिओ कुणाच्या घरी होता? परवाना कुणाच्या नावावर? एरियलची तार कुठे बांधलेली? वीज होती की बॅटरी, आणि ती भरायला कुठे न्यायचे? रेडिओ कोण लावायचं, बंद कोण करायचं? सिलोन कुठल्या वेळी खरखरायचं? या उत्तरांत ‘बंदी’ आपणहून आली तर तिची नोंद घ्या. आली नाही तर तीही नोंद आहे.

कागदाच्या बाजूने ‘द इंडियन लिसनर’ हे आकाशवाणीचं जुनं कार्यक्रमपत्रक बघा, त्याचे अनेक अंक आता ऑनलाइन वाचायला मिळतात. एखादा आठवडा घ्या, पुणे आणि मुंबई केंद्रांचे तक्ते समोर ठेवा आणि शास्त्रीय, सुगम, लोकसंगीत, चित्रपट यांना मिळालेली मिनिटं मोजा. कंटाळवाणं काम आहे. १९५१चा एक आठवडा, १९५३चा एक, १९५५चा एक, १९५८चा एक. सणाचा आठवडा टाळा, नाहीतर भजनांनी सरासरी बिघडेल. शोधताना कोलंबोच्या केंद्राला सिलोन, सीलोन, लंका, श्रीलंका अशी सगळी नावं लावून बघा, आणि आपल्या जिल्ह्यालाही. २०२४पासून आपण अहिल्यानगर आहोत, पण जुन्या कागदांत अहमदनगर, इंग्रजीत तर दोन-तीन स्पेलिंगं. एकाच नावाने शोधून ‘काही सापडलं नाही’ असं लिहिणारे प्रबंध मी पाहिले आहेत.

ज्यांना तक्ता करायचा आहे त्यांनी आधी एकाच आठवड्याचा करून बघा आणि खाली कमेंटमध्ये टाका, म्हणजे कुठला कार्यक्रम कुठल्या रकान्यात घालायचा यावर आधीच वाद घालता येईल. पहिला वाद मला आत्ताच दिसतोय: गीतरामायण सुगममध्ये धरायचं की भक्तिसंगीतात?